लिलावाचं कूळ

आत्या गेली भाद्रपदात. दिवाळी सरते न सरते तोच सोसायटीचं पत्र आलं: इमारत पुनर्विकासाला जाते आहे, महिनाअखेर घर रिकामं करून किल्ली द्यावी. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, पण पंचेचाळीस वर्षांचा संसार त्यात गच्च बसलेला. शिसवी कपाट, तांब्याचा बंब, पितळी पराती, पाटा-वरवंटा, पायाचं शिवणयंत्र, वेताची आरामखुर्ची, माळ्यावर सतरंज्यांच्या वळकट्या, आणि जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईच्या घरात असतात तितकी पुस्तकं. आत्याला मूलबाळ नाही. आम्ही भाचरं सहा जण, सहा गावांना. प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक वस्तू नेली, तरी घर होतं तसंच भरलेलं.

मग मी ठरवलं, एका रविवारी दार उघडं ठेवायचं. वस्तू मांडायच्या, प्रत्येकीवर किमतीची चिठ्ठी लावायची, ज्याला जे हवं त्याने ते न्यावं. सोसायटीच्या फलकावर तसा कागद लावला. त्याच संध्याकाळी सांगलीहून दादाचा फोन आला.

"आत्याच्या घराचा लिलाव मांडलायस होय गं?"

दादा मनाचा वाईट नाही. त्याला विक्री म्हणता आलं असतं, आवराआवर म्हणता आलं असतं. पण तोंडी आला तो लिलाव, आणि तो मला लागला. घराच्या बाबतीत मराठीत हा शब्द लागावा म्हणूनच उच्चारतात. अमक्याच्या घराचा लिलाव झाला, एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ऐकणारा मान खाली घालतो. अब्रूचा लिलाव, इमानाचा लिलाव, हे सगळे त्याच घराण्यातले वाक्प्रचार. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे दहा-बारा दिवस मी दिवसा फडताळं उपसत होते आणि रात्री या शब्दाच्या मागे लागले होते. हाती जे आलं ते दादाला सांगायचं होतंच, पण वाडवडिलांचं घर आवरायची वेळ ज्यांच्यावर येते त्या सगळ्यांनाही सांगावंसं वाटतं. या शब्दाचं कूळ बदनाम नाही. ते विधवेच्या आणि पोरक्या पोरांच्या बाजूने उभं राहिलेलं कूळ आहे.

शब्द आपला नाही, पोर्तुगीजांचा आहे. त्यांचा उच्चार ‘लैलांव’सारखा, शेवट नाकात. आपण तो कसा घेतला हे पाहायचं तर पावाकडे बघावं. पोर्तुगीज ‘पांव’चा आपण पाव केला, तसाच लैलांवचा लिलाव. दोन्ही शब्दांच्या शेवटी तोच नाकातला स्वर होता आणि दोन्हीकडे आपण तो ‘व’वर आणून टेकवला. हिंदीने मात्र शेवटी ‘म’ धरला, सुरुवातीच्या ‘ल’चा ‘न’ केला आणि नीलाम म्हटलं. गुजरातीत लिलाम, मलयाळममध्ये लेलम, तमिळमध्ये एलम. जहाजं पुढे गेली तसा शब्दही गेला: मलायात लेलोंग, इंडोनेशियात लेलांग. हाँगकाँग-मकावच्या चिनी माणसांनी तो ‘ये-लांग’ असा ऐकला आणि लिहायला ‘रात्र’ आणि ‘थंड’ या अर्थांची दोन अक्षरं वापरली. तिथे जुन्या, वापरलेल्या सामानाच्या विक्रीला हे नाव पडलं. बार्देशातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात अशी शब्दांची कुटुंबंच्या कुटुंबं मांडलेली आहेत. आपल्या मातीतल्या माणसाने केलेलं हे काम आहे आणि मराठी घरांत त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पोर्तुगीजांनी तरी शब्द कुठून आणला? अरबांकडून. कोशकार त्याचं मूळ अरबीतल्या ‘इलाम’पाशी नेतात. त्याच्या आधी ‘अल्’ हे उपपद लागलं आणि बोलता बोलता ते शब्दातच मिसळून गेलं. इलाम म्हणजे जाहीर करणं, कळवणं. ज्या धातूतून तो निघाला त्याच धातूतून निघालेले दोन शब्द आपल्या रोजच्या वापरात आहेत: मालूम आणि तालीम. पेशवाईतल्या पत्रांत ‘मालूम व्हावे’ असतं ना, त्याचा हा चुलतभाऊ. म्हणजे लिलाव या शब्दाच्या पोटात विकणं नाहीच. आहे ते सगळ्यांना कळवणं. चार माणसांसमोर, मोठ्याने, काही लपवून न ठेवता.

हे वाचलं त्या रात्री मी माळ्यावरून उतरवलेलं सामान बैठकीत पसरून ठेवलं होतं. बादली, घमेलं, परात, पिंप. कपाटाची चावी, त्याची बिजागरी. मांडलेल्या ढिगातल्या इतक्या वस्तूंची नावं पोर्तुगिजांच्याच भाषेतून आलेली. विकायचं सामान आणि विकण्याचा शब्द एकाच गलबतातून उतरले होते.

गोव्यातला लैलांव डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार मला वाचनात भेटला. हार्लेमचा यान ह्यूखेन फान लिन्सखोटेन नावाचा विशीतला डच तरुण १५८३ साली गोव्यात उतरला. आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला आणि पाचेक वर्षं राहिला. जे दिसलं ते टिपून ठेवण्याची त्याला सवय होती. १५९६ मध्ये ते सगळं ॲम्स्टरडॅमला ‘इतिनेरारियो’ या नावाने छापलं गेलं. पुस्तकात चित्रंही आहेत. त्यातलं एक गोव्याच्या रुआ दिरैताचं, म्हणजे सरळ रस्त्याचं. घोड्यांवर बसलेले फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव, त्यांच्या डोक्यावर धरलेल्या छत्र्या, आणि जिकडेतिकडे घोळके. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ या रस्त्यावर लैलांव भरे. उन्हं चढली की उठे. शहराने नेमलेले पुकारे करणारे लोक अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या लटकवून गर्दीतून फिरत. त्यांचं अंग हेच दुकान. अरबी घोडे, मसाले, सुगंधी डिंक, गालिचे, सगळं तिथे पुकारलं जाई.

माणसंही पुकारली जात. गुलाम स्त्रिया, पुरुष, पोरं रोज त्याच रस्त्यावर गुरांसारखी विकली जात, हे लिन्सखोटेनने सोन्याच्या साखळ्यांच्या शेजारीच लिहून ठेवलं आहे. या कुळाची कथा सांगताना ते गाळून पुढे जाणं मला शक्य नाही. ज्या हाळीने एखाद्या विधवेला न्याय मिळाला, त्याच हाळीने तिच्या वयाची दुसरी बाई विकली गेली.

पण माझ्या कामाचं होतं ते त्याचं पुढचं निरीक्षण. गोव्यात कुणी मेला की त्याची एकूण एक वस्तू या रस्त्यावर आणून शेवटच्या पैपर्यंत विकत. मेलेला कोण, हे बघत नसत. खुद्द व्हाइसरॉयचं सामान असलं तरी त्याला वेगळा नियम नव्हता. कारणही त्याने दिलं आहे: विधवा आणि पोरकी मुलं यांना त्यांचं न्याय्य ते मिळावं. माल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विकला जावा, म्हणजे कुणी आडून हात मारणार नाही. माणसं त्या हवेत आणि त्या राहणीत पटापट मरत, त्यामुळे दर वर्षी शहरात असा पुष्कळ माल विकला जाई, असंही तो नोंदवतो.

ही पद्धत का पडली ते त्या काळच्या घरात डोकावलं की कळतं. माणूस गोव्यात मेला, बायको-मुलं लिस्बनला. मधे सहा-सात महिन्यांचा समुद्र. निरोप जायला एक वर्ष, उत्तर यायला दुसरं. तोवर इथे चार पावसाळी महिने. कापडाला बुरशी, लाकडाला वाळवी. आणि वाळवीहून भुकेले असतात ते जवळचे मित्र, शेजारी, नोकर, ‘सांभाळून ठेवतो’ म्हणणारे. अशा वेळी सामानाचे ताबडतोब, जाहीरपणे पैसे करणं हाच वारसाचा बचाव होता. वस्तू जहाजावर चढवता येत नाही, हुंडी चढवता येते. गोव्याची मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था असे पैसे पोर्तुगालातल्या वारसांपर्यंत पोचवण्याचं काम करी. मृतांच्या मालमत्तेसाठी सरकारी अधिकारीही नेमलेला असे. या पैशावर डल्ले पडले नाहीत असं नाही. पडले, आणि तक्रारीही झाल्या. पण सात ते नऊ या वेळात भररस्त्यावर जे विकलं गेलं, त्याचा आकडा शंभर माणसांनी कानांनी ऐकलेला असे. तो खाली आणणं अवघड होतं.

समुद्रावर तर हे आणखी उघडं. वाटेत खलाशी मेला की जहाजावरचा लेखनिक त्याच्या पेटीची यादी करी आणि मुख्य डोलकाठीपाशी ती विकली जाई. इंग्रजी आरमारातही हीच चाल होती, आणि तिथल्या खलाशांनी तिला स्वतःचं एक वळण दिलं. मेलेल्याच्या सदऱ्याला, चाकूला ते मुद्दाम अवाच्या सवा बोली लावत. कधी विकत घेतलेली वस्तू परत ढिगात टाकत, म्हणजे ती पुन्हा विकली जाईल. पैसे घरी त्याच्या बायकोला जायचे होते.

कंपनी सरकारने मुंबईत हीच वाट धरली. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे मेयरची न्यायालयं स्थापन झाली आणि मृत्युपत्रं, वारसा यांचा कारभार त्यांच्याकडे आला. कुणी साहेब निवर्तला की सामानाची यादी आणि मग लिलाव. त्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत: एका ओळीत वस्तू, कोणी घेतली, कितीला गेली. घेणाऱ्यांत गोऱ्यांबरोबर हिंदी नावंही दिसतात. खुर्च्या, टेबलं, बशा, भिंतीवरची घड्याळं आपल्याकडच्या घरांत शिरायची ही एक वाट होती. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात नीलाम या शब्दाखाली त्यांनी लिन्सखोटेनचाच हवाला दिला आहे, आणि मेलेल्या युरोपियनाचं सामान लगोलग लिलावात काढायची चाल या देशात किती जुनी आहे याकडे बोट दाखवलं आहे.

मग शब्द काळवंडला कधी? मराठी मुलुखात एक तारीख दाखवायची तर मी नागपूरकडे बोट दाखवीन. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस मुलगा नाही, दत्तक मान्य नाही, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. पाठोपाठ राजघराण्याची मालमत्ता विकायला काढली. पिलखान्यातले हत्ती, पागेतले घोडे, उंट, रथाचे बैल पाण्याच्या भावात गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा राजघराण्यातल्या वृद्ध बांकाबाईंनी निरोप धाडला की सामान उचललंत तर वाड्याला आग लावीन. या विक्रीचा पैसा भोसले कुटुंबाच्याच निधीत जाईल असं सरकारने कागदावर लिहिलं होतं. म्हणजे बोलायचं तर तेच जुनं, वारसांच्या हिताचं. पण इथे वारस जिवंत होते, दारात उभे होते, नको म्हणत होते. गोव्याच्या रस्त्यावर लिलाव विधवेसाठी होता. नागपुरात तो विधवांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या इच्छेविरुद्ध झाला. वस्तू तशाच, हाळी तशीच, आणि तरीही सगळं उलटं.

राजाचं जे झालं तेच पुढे कुणब्याचं झालं. १८५९ च्या दिवाणी संहितेने सावकाराच्या हातात हुकूमनामा दिला. कोर्टाचा बेलिफ गावात यायचा, दवंडी पिटली जायची, आणि बैल, अवजारं, शेवटी जमीन बोलीवर चढायची. बोली लावणारा बहुतेकदा तोच सावकार, कारण गावात दुसऱ्या कुणाकडे पैसा नव्हता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि त्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. शेतकऱ्याची जमीन त्याने खास गहाण टाकलेली असल्याशिवाय हुकूमनाम्यापोटी विकता येणार नाही, असं त्याने ठरवलं. मराठी माणसाच्या मनात लिलाव या शब्दाचं जे चित्र आहे ते १८५९ ते १८७५ या सोळा वर्षांतलं आहे, असं मला वाटतं. ढोलाचा आवाज, ओसरीवर बाहेर काढून ठेवलेली भांडी, आणि घरातल्या बाईचा पदराआड गेलेला चेहरा.

त्या चेहऱ्याची थोडी दखल पुढे कायद्याने घेतली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम मी पहिल्यांदाच वाचलं आणि बराच वेळ तिथेच थांबले. कर्जदाराचं काय जप्त करता येणार नाही याची ती यादी आहे: कुटुंबाचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्मरीतीप्रमाणे ज्यांपासून स्त्रीला दूर होता येत नाही ते दागिने. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, त्याची गुरं आणि बियाणं. कायद्याच्या भाषेत मंगळसूत्र असं लिहिलेलं नाही, पण लिहिणाऱ्यापुढे ते होतं. आणि लिलाव पुकारताना ढोल वाजवून किंवा त्या भागाच्या रिवाजाने जाहीर करावं, हेही त्याच संहितेत आहे. अरबी इलाम आणि मराठी दवंडी इथे एका ओळीत येऊन बसली.

आपल्याकडे मृताच्या वस्तूंचं काय करत? विकत नसत. निदान उघडपणे नाही. गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या-भांडं शय्यादानात जाई. बाकीच्याच्या वाटण्या होत. पंच बसत किंवा घरातल्या लहान पोराकडून चिठ्ठ्या उचलून घेत. जुनेर बोहारणीला, त्यावर एखादं पातेलं. उरलं तांबं-पितळ मोडीत. कासार तागडीत टाकणार, घट धरणार, मोडीच्या भावाने पैसे देणार. पणजीच्या हातचा तांब्या असो की कुणा परक्याचा, मोडीत सगळं सारखंच, वजनापुरतं. त्यात एक सोय होती. सांजवेळी पिशवीत घालून नेलेली भांडी कुणाला दिसत नसत. पण न दिसणं हेच तर नुकसानीचं. घरातल्या एकट्या बाईला कासार काय भाव सांगतो, थोरला दीर कुठली पेटी आधी उचलतो, याला साक्षीदार नसे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी, घरोघर फिरून दिवे, अडकित्ते, दौती गोळा केल्या त्या मोडीच्या तोंडातून काढल्यासारख्याच. राजा केळकर संग्रहालयात फिरताना मला नेहमी वाटतं, जे इथे आलं नाही ते किती वितळलं असेल.

उघडपणाने दुबळ्याचं भलं होतं हे आपल्याला शेतमालाच्या बाजारात पटलं, घरात पटलं नाही. पूर्वी अडतीवर हत्ता पद्धत चाले. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. माल ज्याचा तो शेतकरी समोर उभा, पण त्याला आकडा कळत नसे. वऱ्हाडात १८९७ च्या कापूस आणि धान्य बाजाराच्या कायद्यापासून नियंत्रित बाजाराची वाट सुरू झाली, आणि पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी रुमाल काढून उघड लिलाव आणला. विदर्भात त्याला हर्रास म्हणतात. तो वेगळा, उर्दूतून आलेला शब्द. गोव्यात देवळासमोर फळफळावळ बोलीवर चढते ती पावणी. देवीच्या साड्यांचा लिलाव होतो तेव्हा जास्त बोली लावणाऱ्याची मान वर असते. म्हणजे कांद्याच्या ढिगापाशी लिलाव हक्क आहे, देवीपुढे मान आहे. फक्त घराच्या उंबऱ्यापाशी तो कलंक.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "पैसे कुणाला?" त्याचं उत्तर आम्ही सहा जणांनी आधीच ठरवलं होतं. शेवटची तीन वर्षं आत्याचं सगळं अंथरुणावर ज्यांनी केलं त्या मंदाताईंना. "मग वही नीट ठेव," दादा म्हणाला.

वही ठेवलीच होती. दोनशे पानी, उभ्या चार रेघा मारून: वस्तू, किंमत, कोणी नेली, किती आले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीने तिथल्या घरगुती विक्रीची रीत सांगितली होती. तिथे बोली लावत नाहीत. वस्तूवर चिठ्ठी असते, दारात क्रमांक देतात, दुसऱ्या दिवशी उरलेलं निम्म्या किमतीत. पूर्वी तिथेही जाहीर बोलीच असे, आणि त्या जुन्या विक्रीच्या याद्यांत कधी कधी स्वतः विधवेचंच नाव खरेदीदार म्हणून सापडतं. नवऱ्याच्या नावावरची, पण तिच्याच चुलीवरची किटली तिला पैसे मोजून परत घ्यावी लागे.

किमती ठरवताना मी दोन गोष्टी केल्या. पितळ-तांब्याची भांडी ताणकाट्यावर तोलली, कासाराकडून मोडीचा भाव विचारून आले आणि त्याहून थोडी वर चिठ्ठी लावली. घेणाऱ्याला नव्यापेक्षा स्वस्त, आम्हाला मोडीपेक्षा बरं. आणि पुस्तकं, पिशव्या, साड्यांच्या घड्या, डब्यांचे तळ, सगळं आधी एकदा उलटंपालटं करून पाहिलं. ‘रुचिरा’च्या पानांत पोस्टाची जुनी पावती निघाली. तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, रुमालात बांधलेली चांदीची दोन जोडवी निघाली. ती विकायची नव्हती. साठावं कलम वाचल्यावर तर नाहीच.

रविवारी आठला दार उघडलं. मंदाताई दाराशी स्टुलावर, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, पैशासाठी. पहिला तास कुणी आत येईना. लोक जिन्यातून वाकून बघत आणि जात. मेलेल्या बाईच्या घरात खरेदीला कसं शिरायचं, हा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग तळमजल्यावरचे काका आले. वेताच्या आरामखुर्चीवर बाराशेची चिठ्ठी होती. त्यांनी ती वाचली, डब्यात दोन हजार टाकले आणि मंदाताई सुट्टे मोजू लागल्या तेव्हा हात हलवून नको म्हणाले. "बाईंनी माझ्या दोन्ही पोरांना गणित शिकवलं. फी घेतली नाही." मला डोलकाठीपाशी उभे असलेले ते खलाशी आठवले. मी वहीत लिहिलं: आरामखुर्ची, १२००, तळमजला, २०००.

त्यानंतर रीघ लागली. शिवणयंत्र समोरच्या चाळीतल्या मुलीने नेलं, हप्त्याने द्यायच्या बोलीवर. बंब एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी घेतला. पाटा-वरवंटा कुणालाच उचलवेना, तो शेवटी रिक्षावाल्याच्या आईसाठी फुकट गेला. वहीत त्याच्यापुढे शून्य मांडलं, कारण शून्याचीही नोंद हवी. पुस्तकं तीस-तीस रुपयांना ठेवली होती, पण आत्याच्या जुन्या विद्यार्थिनी येऊन पानांवरची तिची पेन्सिलीतली टिपणं बघत उभ्या राहू लागल्या, तेव्हा मी चिठ्ठ्या काढून टाकल्या.

दुपारी दोनच्या सुमारास दादा आला. सांगितलं नव्हतं, पहाटेच्या गाडीने निघाला होता. जिन्यातच चपला काढल्या, जणू आत पूजा चालू आहे. मंदाताईंनी पाणी दिलं. तो भिंतीकडेने फिरला, उरलेल्या वस्तू हातात घेऊन बघितल्या, ठेवल्या. कोपऱ्यात सगळ्यात मोठी परात उलटी घातलेली होती, माळ्यावरून शेवटी उतरलेली. त्याने ती उचलून उजेडात धरली. काठावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, चिंचेने घासून ठिपके उथळ झालेले: सौ. सुधास, आईकडून. आई म्हणजे आमची आजी. आमच्यापैकी कुणालाही ती परात घरात आहे हे माहीत नव्हतं.

"ही घेऊन जा, दादा," मी म्हणाले. "चिठ्ठी काढते."

"काढू नकोस."

त्याने चिठ्ठीवरचा आकडा वाचला, पाकिटातून पैसे काढून मोजले आणि डब्यात टाकले. मंदाताईंना म्हणाला, "मोजून घ्या." मग वही ओढली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या त्या वळणदार अक्षरात ओळ लिहिली: परात पितळी, मोठी, नावासकट, ९००, थोरला भाचा, ९००.